शंकेसह आलेली जन्मकथा

उदगीरच्या माणसाला अलौकिक जन्माचं नवल नाही. माहूरला अनसूयेने ब्रह्मा, विष्णू, महेश यांची बाळं केली, हे इथल्या घराघरांत सांगितलं जातं. नरसीचे नामदेव भीमेच्या पात्रात शिंपल्यात सापडले, असं महिपतींनी ‘भक्तविजया’त लिहून ठेवलं आहे. शेजारच्या मुस्लिम घरांत वाचल्या जाणाऱ्या कुराणात ‘मरियम’ नावाचा सबंध अध्याय आहे. त्यात ती पुरुषाच्या स्पर्शावाचून आई होते आणि खजुराच्या झाडाखाली बाळंत होते. येशूला देवाचा पुत्र न मानणारा इस्लाम त्याचा कुमारीपोटचा जन्म मात्र मानतो, हे पुष्कळांना ठाऊक नसतं.

खुद्द ख्रिस्ती परंपरेत ही कथा सुरुवातीपासून सर्वांच्या तोंडी होती असं दिसत नाही. सन 50 च्या सुमारास लिहिलेल्या पौलाच्या पत्रांत येशू स्त्रीपासून जन्मला एवढंच येतं. सर्वांत जुनं मानलं जाणारं मार्काचं शुभवर्तमान थेट यार्देन नदीतल्या बाप्तिस्म्यापासून सुरू होतं. जन्म सांगतात ते मत्तय आणि लूक, तेही आपापल्या परीने. मत्तयाकडे तारा, मागी लोक, हेरोद आणि मिसरला पलायन. लूककडे नावनिशी, गव्हाण आणि मेंढपाळ. वंशावळी दोघेही देतात आणि त्या जुळत नाहीत. पण दोन्ही योसेफाच्याच घराण्यातून जातात.

शंका घेणारे बाहेरचेच होते असं नाही. एबिओनी नावाच्या यहूदी-ख्रिस्ती पंथातले बरेच जण येशूला योसेफ-मरियेचाच मुलगा म्हणत. दुसऱ्या शतकात जस्टिन या ख्रिस्ती लेखकाने लिहिलेल्या संवादात ट्रायफो हा यहूदी विचारतो, की ग्रीकांच्या पर्सियसची गोष्ट अशीच आहे, मग ती सांगायची लाज कशी वाटत नाही? सेल्सस या ग्रीक तत्त्वज्ञाने सन 178 च्या आसपास एका ग्रंथात मरियेवर व्यभिचाराचा आळ घेतला आणि पॅन्थेरा नावाच्या शिपायाचं नाव जोडलं. तो ग्रंथ आज उपलब्ध नाही. ओरिजेन या ख्रिस्ती विद्वानाने तिसऱ्या शतकात उत्तर देताना त्यातली वाक्यं शब्दशः उतरवून घेतली, म्हणून तो आळ आपल्याला कळतो. विरोधकाचं म्हणणं पुरतं ऐकून मग खोडणं, हा मला विश्वासाचा बळकटपणा वाटतो.

याकोबाच्या नावावर असलेल्या दुसऱ्या शतकातल्या एका ग्रंथात तर शंकेला पात्र म्हणूनच आणलं आहे. सलोमे नावाची बाई म्हणते, मी स्वतः तपासल्याशिवाय मानणार नाही. तपासताच तिचा हात जळू लागतो आणि बाळाला उचलून घेतल्यावर बरा होतो. मत्तयाचा योसेफसुद्धा आधी मरियेला गुपचूप सोडून द्यायचं ठरवतो. लूकची मरिया देवदूतालाच विचारते, हे कसं होईल?

मराठीत ही कथा ओवीत आणली फादर थॉमस स्टीफन्स यांनी. त्यांचं ‘क्रिस्तपुराण’ 1616 साली गोव्यातल्या रायतूरला छापलं गेलं. पण या प्रश्नाशी सर्वांत निकराने झुंजली ती पंडिता रमाबाई. 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमधल्या वाँटेजला तिने बाप्तिस्मा घेतला. दोन वर्षांत तिथल्या सिस्टर जेराल्डिन आणि चेल्टनहॅमच्या डोरोथिया बील यांच्याशी तिचा पत्रव्यवहार पेटला. त्रैक्य आणि कुमारीपोटचा जन्म, दोन्ही तिला पटेनात. चर्चने सांगितलं म्हणून मानायला ती तयार नव्हती. पुराणं तोंडपाठ असलेली, ती वाचून सोडलेली ही बाई होती. एका अद्भुतावरचा विश्वास टाकून दुसऱ्यावर तो आज्ञेने ठेवणं तिच्याकडून व्हायचं नव्हतं. सिस्टर जेराल्डिनने याला अहंकार म्हटलं. मला त्यात सचोटी दिसते.

पुढे तिची श्रद्धा स्थिरावली. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये तिने हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबल सोप्या मराठीत आणलं. ते काम 5 एप्रिल 1922 रोजी मृत्यू येण्याच्या थोडं आधी पुरं झालं आणि पुस्तक 1924 साली निघालं. मत्तयाचा पहिला अध्याय, योसेफाच्या संशयासकट, त्यात तिच्या शब्दांत आहे.