खडूतले चेहरे – भाग ५ : हळदणकरांचा दिवा, काळ्या कागदावर

मागच्या भागात सुक्या आणि तेलकट पेस्टलमधला फरक पाहिला. गोरेगावात स्टेशनरीच्या दुकानात ‘पेस्टल’ म्हटलं की तेलकट खडूंचा डबा पुढे येतो. आपल्याला सुके हवेत. ते नागपूरहून कुणी येणार असेल तर सांगून ठेवा. कागद मात्र इथेच मिळेल, आणि तोही हार्डवेअरच्या दुकानात. बारीक, काळा पॉलिश पेपर मागा. खडूची भुकटी धरायला जी खरखर लागते ती त्याला भरपूर असते. टिकाऊ चित्रासाठी तो नाही, सरावाला झकास.

नक्कल कशाची करायची? शार्दाँ या फ्रेंच चित्रकाराने उतारवयात खडू हाती घेतले. चष्मा लावलेलं त्याचं १७७१ चं आत्मचित्र पेस्टलकारांचं पाठ्यपुस्तकच आहे. ते जरूर पाहा. पण मी सुचवतो सावळाराम हळदणकरांचं ‘ग्लो ऑफ होप’. सावंतवाडीत १८८२ साली जन्मलेल्या या चित्रकाराने १९४५-४६ च्या सुमारास आपली मुलगी गीता हिला हातात दिवा देऊन उभं केलं आणि हे चित्र रंगवलं. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. कित्येक जण ते राजा रविवर्म्याच्या नावावर खपवतात. रविवर्मा १९०६ मध्ये वारला होता, एवढं तरी बघायचं!

हे चित्र निवडण्याचं कारण वेगळं आहे. ते जलरंगात आहे. जलरंगात उजेड म्हणजे राखलेला कागद. आधी फिकं, मग गडद. काळ्या कागदावर खडूचं सगळं उलटं: अंधार आयता मिळतो, उजेड घालावा लागतो. त्यामुळे हळदणकरांचा फटकारा तुम्हाला गिरवताच येत नाही. कुठे किती उजेड आहे, हे ठरवूनच खडू टेकवावा लागतो. त्याच माध्यमातली नक्कल हात तयार करते, हे खरं. पण नजर झोपली तरी ती जमते. ही जमत नाही.

एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिलेल्या मुलांना आधी रेषेने चेहरा बांधायची सवय असते. इथे ती मोडा. डोळे किलकिले करा. पापण्या आणि भुवया विरघळून चेहऱ्याचे दोन-तीन मोठे तुकडे उरतील. खडूचा इंचभर तुकडा मोडून, आडवा धरून तेवढेच ठेवा. मगच ओळंबा धरून तपासा, डोळ्याच्या कोपऱ्याखाली नाकपुडी नेमकी कुठे येते ते. दिवा छातीशी आहे, म्हणजे उजेड खालून येतो: हनुवटीखालचा भाग, नाकाचा तळ, वरच्या पापणीची खालची बाजू उजळ. दिवसाच्या उजेडातल्या चेहऱ्यात इथे सावल्या असतात. नेहमीच्या सवयीने तिथे काळं कराल तर चेहरा पार बिघडेल.

रंग ताटलीत मिसळायचे नाहीत. विटकरीवर पिवळा ओकर, त्यावर नारिंगी, एकावर एक हलके ओढा. खालचा रंग थोडा दिसत राहू द्या. बोटाने घासू नका: भुकटी खरखरीत दबून रंग मरतो, आणि पॉलिश पेपर बोटही सोलतो. दिव्याला आडोसा केलेल्या हातावर सगळ्यात जास्त वेळ द्या. बोटांच्या कडांना उजेड मांसातून झिरपतो, तिथे लाल हवा, पांढरा नव्हे. पांढरा खडू शेवटपर्यंत डब्यातच राहू द्या. मुळात तो लागेलच असं नाही. फिका पिवळाही पुरतो.

उडालेली भुकटी फुंकू नका, ती छातीत जाते. फळा उभा धरून मागून टिचकी मारा, आणि खालची धूळ ओल्या फडक्याने पुसा. फिक्सेटिव्हचा फवारा उजळ जागा मंद करतो, म्हणून शेवटचे उजळ फटकारे फवाऱ्यानंतर द्या. आपल्याकडे रोवणीच्या दिवसांत हवा इतकी ओली असते की खडूच्या चित्राला बुरशी धरते. काचेत लावाल तर काच आणि चित्र यांत माउंटची फट ठेवा. मागे स्वतःचं नाव, तारीख आणि ‘हळदणकरांवरून’ असं लिहा.

पुढच्या आठवड्यात घरातल्याच कुणाला तरी समोर बसवू. दिवा नको, खिडकी चालेल.