घरच्या मीडिया सर्व्हरसाठी यंत्र कोणतं घ्यावं?

माळ्यावरचा जुना डेस्कटॉप कामाला लावावा, हा पहिला विचार चांगलाच. पण सर्व्हर चोवीस तास चालतो. सरासरी ६० वॅट खाणारं यंत्र वर्षाला सुमारे ५२५ युनिट वीज घेतं. १५ वॅटवर चालणारा मिनी पीसी साधारण १३०.

प्रोसेसर म्हणून इंटेलचा एन१०० मला सर्वांत योग्य वाटतो. चार कोअर, ६ वॅट टीडीपी आणि मुख्य म्हणजे क्विक सिंक. टीव्हीला किंवा फोनला मूळ फाइल झेपत नसेल, तर सर्व्हर ती दाखवता दाखवताच दुसऱ्या स्वरूपात बदलतो. हेच ट्रान्सकोडिंग. क्विक सिंक ते चिपमधल्या वेगळ्या भागावर उरकतं आणि प्रोसेसर मोकळा राहतो. रास्पबेरी पाय ५ मध्ये व्हिडिओ एन्कोड करणारं हार्डवेअरच नाही, म्हणून या कामाला तो घेऊ नये. सर्व्हरचं सॉफ्टवेअर जेलिफिन असेल तर हार्डवेअर ट्रान्सकोडिंगची सोय मोफत आहे, प्लेक्स असेल तर तिच्यासाठी प्लेक्स पास ही सशुल्क वर्गणी लागते.

रॅम ८ जीबी पुरते. सिस्टिम छोट्या एसएसडीवर, सिनेमे हार्ड डिस्कवर. लॅन पोर्ट गिगाबिटचाच हवा.

दोन डिस्कवर एकच माहिती ठेवणारं रेड-१ एक डिस्क बिघडली तरी सर्व्हर चालू ठेवतं, पण चुकून पुसलेली फाइल दोन्हींवरून जाते. सिनेमे पुन्हा मिळतील. लग्नाच्या कॅसेटवरून उतरवलेलं चित्रण, आजीचा आवाज यांची प्रत मात्र वेगळ्या डिस्कवर, शक्यतो दुसऱ्या घरी ठेवा.