एका खात्याची दोन दारं

हिंजवडी, माण आणि मारुंजीच्या शिवारात एमआयडीसीनं राजीव गांधी आयटी पार्क उभा केला, तेव्हापासून इथल्या चहाच्या टपरीवर परदेशी माणूस दिसणं ही नवलाई राहिली नाही. 2009मध्ये चाकणला फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझचे कारखाने सुरू झाले आणि यंत्रं बसवायला, माणसं शिकवायला येणाऱ्या परदेशी तंत्रज्ञांची वर्दळ वाढली. सिंबायोसिसच्या हिंजवडीतल्या संस्थांमुळे विद्यार्थीही आले. यातल्या जास्त काळ राहणाऱ्या प्रत्येकाची गाठ एका सरकारी खात्याशी पडते. ते म्हणजे परकीय नागरिक नोंदणी कार्यालय, सगळ्यांच्या तोंडी असलेलं ‘एफआरओ’.

मुंबई, दिल्ली, चेन्नई, कोलकाता अशा शहरांत केंद्रीय गृहमंत्रालयाच्या इमिग्रेशन ब्युरोची स्वतःची प्रादेशिक कार्यालयं (एफआरआरओ) आहेत. बाकी ठिकाणी ही जबाबदारी स्थानिक पोलिसांवर येते. जिल्ह्यात पोलिस अधीक्षक आणि आयुक्तालयात सहसा विशेष शाखेचे उपायुक्त नोंदणी अधिकारी म्हणून काम पाहतात. 15 ऑगस्ट 2018 रोजी पिंपरी-चिंचवडला स्वतंत्र पोलिस आयुक्तालय झालं आणि हिंजवडी, चाकण, तळेगाव त्याच्या हद्दीत आले. अर्ज ऑनलाइन गेला, तरी पत्ता तपासायला दार वाजवतो तो जवळच्या ठाण्याचा हवालदारच.

नियम तसे सरळ आहेत. 180 दिवसांपेक्षा जास्त मुदतीच्या नोकरी, शिक्षण किंवा संशोधनाच्या व्हिसावर आलेल्या माणसानं साधारणपणे 14 दिवसांत नोंदणी करायची. पाकिस्तानी नागरिकांना मुदत त्याहून खूपच कमी असते. पूर्वी यासाठी फाइल घेऊन कार्यालयात ताटकळावं लागे. एप्रिल 2018मध्ये ई-एफआरआरओ ही ऑनलाइन सेवा देशभर सुरू झाली. आता पासपोर्ट, व्हिसा, फोटो, कंपनीचं पत्र किंवा कॉलेजचं बोनाफाइड आणि राहत्या जागेचा लिव्ह अँड लायसन्स करार अपलोड केला की रहिवास परवाना ई-मेलवर येतो. काही शंका आली तरच प्रत्यक्ष बोलावणं येतं. घोडं अडतं ते बहुतेक वेळा कराराशी. घरमालकानं तो नोंदवलेलाच नसतो, किंवा पासपोर्टवरचं नाव आणि करारावरचं नाव जुळत नाही.

या सगळ्या यंत्रणेचा पाया म्हणजे सी-फॉर्म. परदेशी पाहुणा उतरला की 24 तासांत हॉटेल, वसतिगृह, गेस्ट हाऊस किंवा घरमालकानं तो ऑनलाइन भरायचा असतो. त्यात पासपोर्ट आणि व्हिसाचे क्रमांक, पाहुणा कुठून आला, किती दिवस राहणार, पुढे कुठे जाणार हे सगळं येतं. 13 फेब्रुवारी 2010च्या जर्मन बेकरी स्फोटानंतर अशा नोंदींचं मोल पुण्याला वेगळं सांगावं लागलं नाही. तरीही वाकड-हिंजवडीच्या सोसायट्यांत फ्लॅट भाड्यानं देणाऱ्या अनेकांना वाटतं की हा फॉर्म हॉटेलवाल्यांसाठी असतो. घरमालकालाही तो तितकाच लागू आहे.

याच खात्याचं एक काम कमी लोकांना ठाऊक असतं. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांमुळे पिंपरी कॅम्प वसला. त्यानंतरही पाकिस्तानातून सिंधी कुटुंबं येत राहिली. ती दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहतात आणि त्याच्या नूतनीकरणासाठी वर्षानुवर्षं पोलिसांकडे जातात. डिसेंबर 2016मध्ये केंद्रानं अशा अल्पसंख्याक निर्वासितांना नागरिकत्व देण्याचे अधिकार ज्या जिल्हाधिकाऱ्यांना दिले, त्यांत पुण्याचे जिल्हाधिकारीही होते. त्या प्रक्रियेतही पोलिसांचा चौकशी अहवाल लागतोच. चोख ठेवलेल्या जुन्या नोंदीचा एखाद्या कुटुंबाला किती आधार होतो, ते इथं कळतं.

खात्याचं दुसरं दार रात्री उघडतं. भोसरी, मोशी, चाकणच्या लेबर कॅम्पात आणि बांधकामांवर बांगलादेशी घुसखोरांचा शोध चालतो. बनावट आधार, पॅनकार्ड, क्वचित पासपोर्टही सापडतो. हे काम गरजेचं आहे, यात वाद नाही. 1 सप्टेंबर 2025पासून लागू झालेल्या इमिग्रेशन आणि परकीय नागरिक कायद्यानं चार जुने कायदे मोडीत काढले. आता वैध कागदांशिवाय देशात शिरल्यास पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बनावट पासपोर्टसाठी दोन ते सात वर्षं कैद. मात्र त्यांतल्याच 1946च्या कायद्यातली एक गोष्ट कायम राहिली: आपण परदेशी नाही हे सिद्ध करण्याचं ओझं संशयिताच्याच डोक्यावर. आणि आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही, हे आधारच्याच कायद्यात लिहिलंय. मग पश्चिम बंगालमधल्या मुर्शिदाबादहून आलेल्या गवंड्यानं रात्री अकरा वाजता काय दाखवायचं?

त्यासाठीच मे 2025मध्ये केंद्रीय गृहखात्यानं मूळ राज्याकडून पडताळणी करून घ्यायला 30 दिवसांची मुदत ठरवली. ती पाळली नाही तर काय होतं, ते लगेच पुढच्याच महिन्यात दिसलं. महाराष्ट्रात पकडून सीमेपलीकडे ढकललेले काही बंगाली मजूर भारतीयच निघाले आणि पश्चिम बंगालच्या पाठपुराव्यानंतर त्यांना परत आणावं लागलं.

आयटी पार्कातल्या इंजिनिअरच्या अर्जात त्रुटी निघाली, तर त्याला ई-मेल येतो, खुलाशाला वेळ मिळतो, कंपनीचा एचआर पाठीशी उभा राहतो. मजुरालाही तेवढाच वेळ मिळायला हवा: गावच्या पंचायतीला एक फोन, तिथल्या ठाण्याकडून एक उत्तर, घरच्यांना निरोप. यानं घुसखोर सुटत नाही. उलट त्याच्यावरचा खटला पक्का होतो.

त्यातला आपला वाटाही ठरलेला आहे. परदेशी भाडेकरू ठेवला असेल तर सी-फॉर्म त्याच दिवशी भरा आणि करार नोंदवून घ्या. ठेकेदारांनी कामगाराच्या मूळ गावचा पत्ता आणि घरचा फोन नंबर पहिल्याच दिवशी लिहून ठेवावा. खात्यानं 30 दिवसांची मुदत प्रत्येकाला द्यावी, मग तो कोणत्याही दारानं आलेला असो.