भाडेकरू असलेले घर विकताना

मुलीचे लग्न, डोक्यावरील कर्ज किंवा भावाभावांतील वाटणी अशा निमित्ताने पेठेतील जुने घर विकावयास काढले जाते आणि मागील दोन खोल्यांत तीस वर्षांपासून राहत असलेल्या भाडेकरूचा प्रश्न उभा राहतो. घर रिकामे झाल्याखेरीज विक्री होऊच शकत नाही, अशी अनेकांची समजूत असते. ती बरोबर नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०९ अन्वये खरेदीदार जुन्या मालकाच्या जागी येतो. भाडेकरूचा हक्क संपत नाही. भाडे घेणारा तेवढा बदलतो.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. तो लागू असलेल्या क्षेत्रांत केवळ विक्री हे भाडेकरूस काढण्याचे कारण ठरत नाही. कारणे कलम १६ मध्ये दिलेली आहेत. मालकाची स्वतःच्या वापरासाठी वाजवी व खरीखुरी गरज हे त्यांपैकी एक. पण तेथेही अधिक हाल कोणाचे होतील, हे न्यायालय पाहते. अशा स्थितीत ‘रिकामा ताबा देतो’ असे लिहून देऊन इसार घेणारा मालक स्वतःच अडचणीत सापडतो. नळ वा वीज तोडून भाडेकरूस जेरीस आणण्याचा मार्ग तर कलम २९ ने बंदच केला आहे. भाडेकरू मोबदला घेऊन आपखुशीने हक्क सोडणार असल्यास, कलम ५६ मुळे तो व्यवहार कायदेशीर ठरतो. मात्र तो तोंडी असू नये.

लिव्ह अँड लायसन्स कराराने राहणाऱ्याची गोष्ट वेगळी. मुदत संपूनही तो जागा सोडत नसल्यास कलम २४ अन्वये सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. तेव्हा राहणारा नेमका कोण, हे प्रथम कागदावरून ठरवावे. करार लेखी व नोंदलेला असण्याची जबाबदारी कलम ५५ ने मालकावर टाकली आहे. तसा करार नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते.

गिऱ्हाइकास घर दाखविण्यापूर्वी भाडेकरूस आगाऊ कळवून सोयीची वेळ ठरवावी. मालकास जागेची पाहणी करण्याचा हक्क आहे, पण तोही पूर्वसूचना देऊन आणि वाजवी वेळी, असे कलम २८ सांगते. शेजाऱ्यांकडून विक्रीची बातमी कळलेला भाडेकरू साहजिकच बिथरतो. भाडेपावत्या, थकबाकी, अनामत रक्कम आणि घरपट्टी यांचा हिशेब खरेदीदारापुढे ठेवावा. भाडेकरूचा ताबा खरेदीखतात स्पष्ट नमूद करावा. अनामत कोण परत करणार आणि मागील थकबाकी कोणाची, हेही त्यातच लिहावे.

खरेदीखत नोंदल्यानंतर भाडेकरूस लेखी सूचना द्यावी. विक्रीची माहिती नसताना त्याने जुन्या मालकास सद्भावनेने दिलेले भाडे नव्या मालकास त्याच्याकडून पुन्हा मागता येत नाही.