१०८ क्रमांकामागची कारकीर्द

व्यापारी कुटुंबात मुलामुलींच्या भवितव्याचा विषय निघाला की चर्चा बहुधा पेढी, सनदी लेखापाल, अभियंता आणि डॉक्टर यांपुढे जात नाही. रुग्णवाहिका नियंत्रण कक्षातील नोकरीचा विचार क्वचितच होतो. वस्तुतः अनुभवाबरोबर जिचे मोल वाढत जाते, अशी ती कारकीर्द आहे.

महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची आपत्कालीन वैद्यकीय सेवा २०१४ साली सुरू झाली. प्रारंभी ९३७ रुग्णवाहिका योजिल्या होत्या. त्यांपैकी २३३ प्रगत जीवरक्षक सुविधांच्या व ७०४ मूलभूत सुविधांच्या. सेवा निःशुल्क व अहोरात्र आहे. पनवेलहून लावलेला दूरध्वनीही पुण्यातील औंध येथील मध्यवर्ती कक्षात जातो. ऐकणाऱ्याने आपली गल्ली पाहिलेली नसते. त्याची सारी भिस्त आपल्या शब्दांवर असते.

या कामाचा कस द्रुतगती मार्गावर लागतो. कळंबोलीपासून निघणाऱ्या या मार्गावर मधोमध दुभाजक आहे. रुग्णवाहिका चुकीच्या बाजूला गेली तर तिला वाटेल तेथे वळता येत नाही. घाबरलेला माणूस 'पनवेलच्या पुढे अपघात झाला' एवढेच सांगतो. मुरलेला कर्मचारी शांतपणे विचारतो, 'वाहन मुंबईकडे चालले होते की पुण्याकडे? जवळच्या फलकावर किलोमीटरचा कोणता आकडा आहे? जखमी किती? शुद्धीवर आहेत का?' या चार प्रश्नांत अमूल्य मिनिटे वाचतात. बँकेत दिवसअखेर रोकड जुळली नाही, तर रात्री बसून फरक शोधता येतो. येथे नोंद चुकली तर ती सवड मिळत नाही.

दूरध्वनी घेणे, जवळची रुग्णवाहिका रवाना करणे, पाळीची देखरेख करणे आणि नव्यांना शिकवणे अशा पायऱ्यांनी अनुभवी माणूस पुढे जाऊ शकतो. मराठी व हिंदीवर प्रभुत्व, संगणकावर चालणारा हात आणि स्थिर चित्त हे त्याचे भांडवल. मात्र रात्रपाळी असते, आक्रोश ऐकावा लागतो आणि पुष्कळदा रुग्णाचे पुढे काय झाले हे कळतही नाही. अशा वेळी घरच्यांचा आधार लागतो. सेवा खासगी संस्थेमार्फत चालवली जात असल्याने नियुक्तीपत्र, भविष्य निर्वाह निधी, कामाचे तास व बढतीचे नियम आधी तपासून घेणे हिताचे.

वाचकांपैकी प्रत्येकाची मुले या क्षेत्रात जातील असे नाही. पण त्या कक्षातील माणसाचे काम आपण सुकर करू शकतो. दुकानात व घरी दर्शनी जागी संपूर्ण पत्ता, तालुका आणि जवळची ठळक खूण मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावी. नोकरमाणसांना ती वाचून दाखवावी. आणि प्रसंग आलाच, तर पलीकडचा माणूस सांगेपर्यंत दूरध्वनी ठेवू नये.