दोघांची मैत्री, बायकांची लेखणी

मालिका संपते, पण त्यातली माणसं मनातून जात नाहीत, असं आपल्यापैकी पुष्कळजणींचं होतं. अमेरिकेतल्या काही बायकांचंही तसंच झालं. त्यांनी त्या माणसांवर स्वतःच कथा-कादंबऱ्या लिहिल्या. अशा लेखनाला चाहत्यांचं लेखन म्हणतात.

'स्टार ट्रेक' ही अवकाशप्रवासाची मालिका तिकडे १९६६ ते १९६९ या काळात दाखवली गेली. यानाचा कप्तान कर्क हा तुमच्या-माझ्यासारखा, भावनेच्या भरात उडी घेणारा. त्याचा साथीदार स्पॉक याची आई पृथ्वीवरची आणि वडील व्हल्कन नावाच्या ग्रहावरचे. त्या ग्रहावरची रीत अशी, की राग-लोभ चेहऱ्यावर येऊ द्यायचा नाही. स्वभावाची ही दोन टोकं, तरी एकमेकांसाठी जीव टाकणारी.

मालिकेत मोठं संकट तासाभरात मिटायचं आणि पुढच्या भागात त्याची आठवणही नसायची. बायकांना तेवढ्यानं समाधान होईना. जखमी मित्राची रात्रभर शुश्रूषा कोणी केली? बोलून गेलेला शब्द मनात किती दिवस सलला? ज्याला माया बोलून दाखवता येत नाही, तो ती कशी दाखवतो? हे सांगायला कादंबरीएवढी जागा लागते. त्यांच्या गोष्टीत यान आणि ग्रह होतेच, पण खरी गोष्ट मैत्रीची होती.

छापायला प्रकाशक नव्हता. मग एकीनं लिहायचं, दुसरीनं टाइप करायचं, तिसरीनं चित्रं काढायची. सायक्लोस्टाईलवर प्रती काढून टपालानं पाठवायच्या. १९६७ साली निघालेला 'स्पॉकनेलिया' हा अशा पहिल्या अंकांपैकी एक. तो दोन बायकांनी काढला होता. पात्रं मालिकावाल्यांच्या मालकीची, म्हणून किंमत साधारण खर्च भागेल एवढीच ठेवायची. नफा नाही. पण लिहिण्याचा सराव होत होता, वाचणारी पत्रानं मत कळवत होती, आणि यातल्या काहीजणी पुढे नावाजलेल्या लेखिका झाल्या.

हे ऐकायला लांबचं वाटतं, पण रीत ओळखीची आहे. आपल्या आज्या-पणज्यांनी जात्यावर सीतेचा वनवास गायला, तेव्हा त्यात आपलं सासर-माहेर मिसळलंच ना? गोष्ट ठाऊक असलेली, दुःख मात्र स्वतःचं. त्यासाठी त्यांनी कोणाची परवानगी मागितली नाही.

आपल्या गटात हिशेबाची वही नीट लिहिणाऱ्या बाया आहेत. "मला कुठं लिहिता येतं," असंही त्याच म्हणतात. पुढच्या बैठकीत कर्जाचे हप्ते गोळा झाले, की अर्धा तास काढा. सगळ्यांना माहीत असलेली एक गोष्ट घ्या. त्यातल्या मैत्रिणीचं पुढे काय झालं, ते एकेकीनं सांगा. जिचं अक्षर चांगलं, तिनं ते उतरवून घ्या. वहीत मागची पानं कोरीच असतात.