हाताशी ठेवलेली माहिती

दसरा-दिवाळीच्या सुमारास वाशीम जिल्ह्याच्या सहाही तालुक्यांत नवे सोयाबीन घरात येऊ लागते. हमीभावाची खरेदी सुरू झाली की केंद्रांवर पोत्यांच्या थप्प्या लागतात. प्रत्येक शेतकऱ्याचे नाव, सातबारा आणि वजन वेगळे. हमीभाव मात्र सर्वांना एकच. हिशोबपट्टी संगणकावर होत असेल, तर हा एकच आकडा आज्ञावलीला, म्हणजे प्रोग्रामला, दिवसभरात शेकडो वेळा लागतो. तो दर वेळी मूळ नोंदीतून शोधून आणायचा, की एकदा आणून हाताशी ठेवायचा? व्यापारी आज्ञावल्यांचा वेग बऱ्याच अंशी या प्रश्नाच्या उत्तरावर ठरतो.

चकती आणि स्मृती

कायमच्या नोंदी चकतीवर, म्हणजेच डिस्कवर असतात. वीज गेली तरी त्या टिकतात. मुख्य स्मृतीतील मजकूर वीज जाताच पुसला जातो, पण ती फार वेगवान असते. फिरत्या चकतीवरून एखादी नोंद शोधून वाचायला सुमारे १० मिलिसेकंद लागतात, तर स्मृतीतून वाचायला सुमारे १०० नॅनोसेकंद. हा फरक एक लाख पटींचा आहे. स्मृतीतील वाचनाला एक सेकंद लागतो असे मानले, तर चकतीवरील वाचनाला २७ तासांहून अधिक लागतील! फिरता भाग नसलेल्या आधुनिक चकत्यांनी हे अंतर पुष्कळ कमी केले आहे, पण मिटवलेले नाही.

आता थोडे गणित करू. समजा, एका पट्टीसाठी १० नोंदी वाचाव्या लागतात आणि निरनिराळ्या केंद्रांवरून ५०० पट्ट्या एकदम एकाच मध्यवर्ती संगणकाकडे आल्या. एकूण वाचने झाली ५,०००. सर्व वाचने एकाच फिरत्या चकतीवर एकामागून एक झाली, तर ५० सेकंद लागतील. हमीभाव, ओलाव्याची मर्यादा, केंद्राचे नाव अशा दहांपैकी नऊ नोंदी स्मृतीत असतील, तर चकतीवर जाणारी वाचने ५०० उरतील आणि काम सुमारे ५ सेकंदांत होईल. यंत्र तेच, फक्त माहितीची जागा बदलली.

ही कल्पना जुनी आहे. केंब्रिजचे मॉरिस विल्क्स यांनी १९६५ मध्ये मोठ्या, संथ स्मृतीच्या दिमतीला छोटी, वेगवान स्मृती देण्याची योजना मांडली. १९६८ मध्ये जाहीर झालेल्या आयबीएम सिस्टिम ३६० मॉडेल ८५ या संगणकात अशी स्मृती होती. तिला 'कॅश' म्हणतात. याचा रोकडीशी संबंध नाही. 'लपवणे' या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून हे नाव आले. पुढे हेच तत्त्व आज्ञावल्यांनीही उचलले.

शिळ्या प्रतीचा धोका

हाताशी ठेवलेली माहिती ही मूळ नोंदीची प्रत असते. मूळ बदलले तरी प्रत आपोआप बदलत नाही. सोयाबीनचा हमीभाव २०२४-२५ च्या हंगामासाठी क्विंटलला ४,८९२ रुपये होता. २०२५-२६ साठी तो ५,३२८ रुपये झाला. समजा, स्मृतीत जुनाच आकडा राहिला. मग क्विंटलमागे ४३६ रुपये, म्हणजे २० क्विंटलच्या पट्टीत ८,७२० रुपये कमी पडतील, आणि तेही क्षणार्धात!

वर्षातून एकदाच होणारा बदल निदान लक्षात तरी राहतो. पण नोव्हेंबर २०२४ मध्ये, हंगाम चालू असतानाच, ओलाव्याची मर्यादा १२ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर नेण्यात आली. ज्या आज्ञावलीने '१२' हा आकडा धरून ठेवला असेल, ती १४ टक्के ओलाव्याचे सोयाबीन नाकारील आणि शेतकऱ्याला विनाकारण परत जावे लागेल.

यावर उपाय आहेत. पहिला, प्रतीला मुदत घालून द्यायची. ती संपली की मूळ नोंद पुन्हा वाचायची. दुसरा, मूळ नोंद बदलताच सर्व प्रती पुसण्याची आज्ञा द्यायची. तिसरा, काय हाताशी ठेवायचे हे पारखून घ्यायचे. जे वारंवार वाचले जाते आणि क्वचित बदलते, ते स्मृतीत ठेवावे. बाजार समितीतील लिलावाचा भाव मात्र दर ढिगाला वेगळा असतो आणि त्या पट्टीपुरताच लागतो. तो साठवून काही साधत नाही.

वर्गात करून पाहा

एका विद्यार्थ्याला भावांची वही देऊन व्हरांड्याच्या टोकाला उभे करावे, तो चकती. दुसऱ्याने बाकावर बसून दहा पट्ट्या कराव्यात. प्रथम दर पट्टीला भाव विचारायला धावावे, नंतर भाव चिठ्ठीवर लिहून जवळ ठेवावा. दोन्ही वेळा मोजून फळ्यावर मांडाव्यात. मग गुपचूप वहीतील भाव बदलावा आणि आणखी पाच पट्ट्या करायला सांगाव्यात. त्या चुकल्या की विद्यार्थ्यांनाच विचारावे : चूक कोणाची, चिठ्ठीची, चिठ्ठी बाळगणाऱ्याची, की भाव बदलूनही न कळवणाऱ्याची? वेगवान आणि भरवशाची आज्ञावली लिहिणाऱ्यालाही याच प्रश्नाचे उत्तर आधी शोधावे लागते.